नुकतीच वाचलेली कादंबरी चार वाचकांसमोर कशी मांडावी

कादंबरी वाचून झाली आहे आणि येत्या रविवारी वाचनकट्ट्यावर तिच्याविषयी बोलायचं आहे. अशा वेळी आपल्यापैकी बरेच जण दोनपैकी एक गोष्ट करतात. कुणी पहिल्या पानापासून कथानक सांगायला घेतो आणि शेवटाला पोचेपर्यंत वेळ संपतो. कुणी 'अप्रतिम आहे, वाचलीच पाहिजे' एवढं म्हणून खाली बसतो. पहिल्याने ऐकणाऱ्याचं वाचन आधीच उरकून टाकलेलं असतं, दुसऱ्याच्या बोलण्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे, की मताला पुस्तकातली जागा हवी. कुठल्या प्रसंगाशी, कुठल्या वाक्याशी, कुठल्या पानावर तुम्हाला तसं वाटलं हे सांगता आलं, की समोरच्याला ते पान उघडून बघता येतं. तो तुमच्याशी सहमत होईल किंवा भांडेल, पण दोघं एकाच पानाविषयी बोलत असतील. जागा नसलेल्या मतावर फक्त मान डोलावता येते.

इथे मी गृहीत धरलं आहे, की आठ-दहा वाचक महिन्यातून एकदा भेटतात, प्रत्येक जण नुकतीच वाचलेली वेगळी कादंबरी घेऊन येतो आणि बाकीच्यांनी ती वाचलेली असेलच असं नाही. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून येण्याची पद्धतही चांगली आहे, पण आपल्याकडे एका पुस्तकाच्या दहा प्रती वेळेत मिळणं अवघड असतं. म्हणून बहुतेक कट्टे पहिल्या पद्धतीने चालतात.

वाचतानाच चिठ्ठ्या ठेवा

तयारी पुस्तक संपल्यावर सुरू केली तर उशीर झालेला असतो. पुस्तक स्वतःचं असेल तर समासात पेन्सिलीची बारीक खूण करा. ग्रंथालयाचं असेल तर रेघ मारू नका. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेच्या अरुंद पट्ट्या कापून पानांत ठेवा आणि पट्टीवर दोन-तीन शब्द लिहा.

खूण कुठे करायची? जिथे थांबून तुम्ही तेच वाक्य पुन्हा वाचलंत तिथे. जिथे लेखकाशी मनातल्या मनात भांडलात तिथे. आणि जिथे कंटाळून चार पानं उलटलीत तिथेही. ही शेवटची खूण लोक करत नाहीत, कारण कंटाळा आला ही आपलीच उणीव वाटते. पण आपण नेमके कुठे सुटलो हे कळलं, की लेखकाने तिथे काय केलं होतं ते तपासता येतं. कधी वर्णन लांबलेलं असतं, कधी निवेदक बदललेला असतो आणि आपलं लक्ष गेलेलं नसतं. कधी आपण रात्री अकरानंतर डुलक्या घेत वाचत असतो, आणि मग दोष पुस्तकाचा नसतो.

पात्रं पुष्कळ असतील तर मागच्या कोऱ्या पानाएवढा कागद घेऊन नावं आणि नाती लिहीत जा. बोलताना 'तो त्याचा चुलतभाऊ, नाही, मेहुणा' असं अडखळायला होणार नाही.

ऑडिओबुक ऐकत असाल तर प्रकरण आणि मिनिट टिपा. शिवाय बोलायला उभं राहण्यापूर्वी, तुम्हाला सगळ्यात भावलेला एक प्रसंग छापील पुस्तकात वाचून घ्या. आवाज देणारा कलाकार चांगला असला की एखाद्या सपाट परिच्छेदातही जीव ओततो. तुम्हाला भिडलं ते लिहिणाऱ्याचं की वाचणाऱ्याचं, हे माहीत असलेलं बरं.

संपल्यावर दोन दिवसांत अर्धं पान

पुस्तक मिटा. मलपृष्ठावरचा मजकूर, प्रस्तावना, कुणी लिहिलेलं परीक्षण यांपैकी काहीही न बघता अर्धं पान लिहा. नीटस लिहायचं नाही, आठवेल ते लिहायचं. मराठीत जुन्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्यांना बऱ्याचदा मोठी प्रस्तावना असते, ती मुद्दाम शेवटी वाचा. जाणकाराचं मत आधी वाचलं, की आपलं मत त्याच्याच वळणाने जातं आणि आपल्याला ते कळतही नाही.

मग चिठ्ठ्या काढून अर्ध्या पानाशी ताडून बघा. बऱ्याचदा दोन्हींत तफावत निघते. लिहिलेलं असतं नायिकेविषयी, आणि चिठ्ठ्या सगळ्या शेताच्या, पावसाच्या, वाटेच्या वर्णनांत असतात. ही तफावत सोडू नका. तुमचं खरं मत तिथेच असतं, कारण पेन्सिल हातात असताना कुणाला काही दाखवायचं नव्हतं.

एक उदाहरण सविस्तर घेते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या छोट्या वाडीवर शाळा चालवायला जातो, आणि सगळं तोच सांगतो. समजा तुम्ही लिहिलंत, 'गावाकडच्या जीवनाचं सुंदर चित्रण.' हे मत झालं नाही, कारण हे वाक्य मराठीतल्या निदान शंभर पुस्तकांना लागू पडेल. आता स्वतःला विचारा, सुंदर नेमकं कुठे वाटलं? समजा, सुरुवातीला मास्तर पहाटेच्या अंधारात वाडीकडे चालत निघतो तिथे. त्या पानांवर काय आहे? वाट आहे, माळ आहे, दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टी आहेत. मास्तर स्वतःच्या मनाविषयी फार बोलत नाही. म्हणजे तुम्हाला आवडला तो त्याचा संयम. मग पुढचा प्रश्न येतो, की वाडीवर दुष्काळ कोसळतो तेव्हाही हा माणूस असाच संयमाने सांगत राहतो, ते तुम्हाला पटलं का? की तिथे त्याने आवाज चढवावा असं वाटलं?

आता तुमच्याकडे मत आहे. 'मास्तर कमी बोलतो म्हणून दुष्काळ मला जास्त जाणवला' असं एक जण म्हणेल. 'तो बाहेरचा आहे, त्याला परत जायला घर आहे, म्हणून त्याला शांतपणे सांगता येतं' असं दुसरा म्हणेल. दोन्ही मतांना पुस्तकात आधार आहे आणि अर्धा तास बोलता येईल इतकं त्यांत आहे. 'सुंदर चित्रण'पाशी थांबला असतात तर पुढे काही उरलंच नसतं.

तीन गोष्टींची सरमिसळ टाळा

चर्चा बिघडते ती बहुधा एकाच कारणाने. पुस्तक वाचताना माझं काय झालं, लेखकाने काय केलं आणि त्या विषयाबद्दल माझं मत काय, या तीन वेगळ्या गोष्टी आपण एकाच वाक्यात कोंबतो.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ साली आली. युद्ध तोंडावर आलेलं असताना युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, आणि त्यांच्यातली हॅर्टा व मराठी तरुण चक्रधर यांचं प्रेम. कादंबरी आकाराने लहान आहे, दोन बैठकींत होते. कट्ट्यावर तिचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'मला तो चक्रधर अजिबात आवडला नाही, त्यामुळे कादंबरी नाही आवडली.' पहिलं अर्धं वाक्य पूर्ण खरं असू शकतं. एका जुन्या प्रेमभंगाचा राग मनात ठेवून तो बायकांकडे बघतो, आणि आज वाचताना ते खुपतं. पण 'त्यामुळे' म्हणण्याआधी थांबावं. सांगणारा चक्रधरच आहे. तो स्वतःला जसा दाखवतो त्यापलीकडचा चक्रधर आपल्याला दिसतो का? हॅर्टा त्याच्या शब्दांतून येते, तरीही ती त्याच्या मुठीत न मावणारी वाटते का? वाटत असेल तर ते लेखकाचं काम आहे, आणि चक्रधर न आवडूनही कादंबरी थोर ठरू शकते. वाटत नसेल तर तेही सांगा, फक्त हॅर्टा कुठल्या पानावर फिकी वाटली ते दाखवा.

उलट बाजूची चूकही होते. निर्वासितांचं दुःख मोठं आहे म्हणून कादंबरी मोठी, असं म्हटलं जातं. विषयाचं मोठेपण लेखकाच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, धरणग्रस्त, दंगल अशा विषयांवरच्या कादंबऱ्यांविषयी बोलताना हे भान विशेष ठेवावं लागतं. तिथे 'रचना सैल आहे' म्हणायला माणूस कचरतो, जणू ते त्या माणसांच्या दुःखाविरुद्ध बोलणं आहे. तसं ते नाही. जिव्हाळ्याच्या विषयावरचं पुस्तक चांगलं व्हावं असं आपल्याला मनापासून वाटतं, म्हणूनच त्याची रचना तपासायची.

बोलताना

सात-आठ मिनिटं पुरतात. सुरुवातीला नाव, लेखक, पहिल्या प्रकाशनाचं साल, प्रकाशक, साधारण पृष्ठसंख्या आणि प्रत कुठून मिळाली ते सांगा. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ऐकणाऱ्याला वाचावंसं वाटलं तर त्याचा पहिला प्रश्न तोच असतो. अनुवादित कादंबरी असेल तर अनुवादकाचं नाव मूळ लेखकाच्या बरोबरीने घ्या. भाषा खडबडीत वाटली असेल तर एक परिच्छेद मोठ्याने वाचा आणि ठेच कुठे लागते ते दाखवा. दोष मूळ लेखकाचा की अनुवादाचा, हे मूळ भाषा येत असल्याशिवाय ठासून सांगू नका.

कथानक पहिल्या चतुर्थांशाच्या पुढे नेऊ नका. माणसं कोण, कुठे आहेत, त्यांच्यापुढे काय उभं ठाकलंय, इथे थांबा. मत मांडायला शेवट सांगणं भागच असेल तर आधी विचारा, 'कुणी वाचायला घेतली आहे का?' एकाचा जरी हात वर झाला, तर शेवटाची चर्चा चहाच्या वेळी, वाचलेल्यांपुरती करा. पौराणिक, ऐतिहासिक कादंबऱ्यांना ही अडचण नसते. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाचं काय होतं हे पुस्तक न उघडताही सगळ्यांना माहीत असतं. तिथे बोलायचं ते कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण या निवेदकांविषयी. शोण बोलू लागल्यावर कर्ण वेगळा दिसतो का? सगळे निवेदक एकाच भारदस्त भाषेत बोलतात असं वाटलं का? हे प्रश्न कादंबरी पाठ असलेल्यांनाही पुन्हा पुस्तकाकडे नेतात.

मग दहा-बारा ओळींचा उतारा वाचा. माझ्या मते सात-आठ मिनिटांतला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि लोक तोच गाळतात. उतारा आधी घरी दोनदा मोठ्याने वाचून बघा. नाट्यपूर्ण प्रसंगच हवा असं नाही, उलट साधा उतारा जास्त सांगून जातो.

बोलीतला उतारा असेल तर जास्त काळजी घ्या. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये कौतिक आणि तिच्या घरातली माणसं वऱ्हाडी बोलतात. रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, मराठवाडी बोलीत येते. पुण्या-मुंबईच्या बैठकीत हे उतारे वाचले की पहिल्या ओळीला हसू फुटतं, कारण नाटक-सिनेमांनी या बोली वर्षानुवर्षं विनोदासाठीच वापरल्या. ज्या वाक्यात बाई आपलं घर कसं मोडलं ते सांगते आहे, त्यावर हशा यावा हे मला सहन होत नाही. कट्ट्यावर अमरावतीकडचं किंवा लातूरकडचं कुणी असेल तर उतारा त्यांना वाचायला द्या. नसेल तर हेल काढण्याचा प्रयत्न न करता सरळ, सावकाश वाचा. शब्द अडला तर आधी विचारून घ्या. शेळक्यांचा वाक्यातला ठेका इतका पक्का आहे, की तुम्ही मध्ये आला नाहीत तर तो आपोआप ऐकू येतो.

उताऱ्यानंतर मत मांडा, आणि शेवटी तुम्हाला न सुटलेला एक प्रश्न समोर ठेवा. तो खराच न सुटलेला असावा, उत्तर तयार ठेवून विचारलेला नको.

काही शब्दांना सुट्टी द्या

ओघवती भाषा, वास्तववादी चित्रण, अंतर्मुख करणारी, खिळवून ठेवणारी, मनाला चटका लावणारी. हे शब्द आपण परीक्षणांतून उचललेले असतात. त्यांतला एखादा तोंडावर आला की लगेच 'म्हणजे कुठे?' असं स्वतःलाच विचारा. 'कोसला'ची भाषा वेगळी आहे, हे १९६३पासून म्हटलं जातंय. त्याऐवजी पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्यात 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' कुठे येतात ते बघा. गंमत म्हणून येतात, की काही टाळायचं असतं तेव्हा येतात? आणि बहिणीच्या मृत्यूच्या पानांवर त्या भाषेचं काय होतं? हे पाहून आलेला वाचक दोन मिनिटं बोलला तरी कट्टा कान देऊन ऐकतो. त्याला ती भाषा कंटाळवाणी वाटली असली तरीसुद्धा.

न आवडलेली, अर्धी सोडलेली

नावडलेल्या कादंबरीविषयी जरूर बोला. फक्त आधी, या लेखकाला काय करायचं होतं, ते त्याच्या बाजूने दोन वाक्यांत सांगा. त्यानंतर ते कुठे फसलं ते सांगा. अर्धी सोडली असेल तर कितव्या पानावर सोडली ते स्पष्ट सांगा आणि तेवढ्याच पानांवर बोला. उरलेल्या भागाविषयी अंदाज करू नका.

मराठी साहित्याचं जग लहान आहे. लेखक त्याच गावात राहत असतो, त्याची मावसबहीण कट्ट्याची सभासद असते, कधी तो स्वतःच पाहुणा म्हणून येतो. अशा वेळी मत बदलायचं नाही आणि धारही लावायची नाही. पुस्तकावर बोलायचं, माणसाच्या हेतूंवर नाही. जे वाक्य लेखकासमोर म्हणता येणार नाही, ते त्याच्या पाठीमागेही म्हणू नये.

ऐकणाऱ्याचं काम

दुसऱ्याचं बोलणं संपलं की पहिली पाळी प्रश्नांची ठेवा, मतांची नंतर. 'तुम्ही म्हणता तो प्रसंग कुणाच्या नजरेतून आहे?' 'किती पानांनंतर तुम्हाला असं वाटायला लागलं?' अशा प्रश्नांनी बोलणाऱ्याचंच मत स्वच्छ होतं. 'मीपण वाचली आहे, आणि खरं सांगायचं तर...' हे वाक्य पाच मिनिटं दाबून ठेवा.

आपल्या कट्ट्यांवर वयाचं अंतर मोठं असतं. निवृत्त सर असतात, कॉलेजातली मुलगी असते. मुलीला सरांचं मत पटत नसेल तर 'सर, तो प्रसंग मी वेगळा वाचला, पान उघडू का?' एवढं म्हणणं पुरेसं आहे. पान उघडलं की वय बाजूला राहतं. सूत्रधाराने मात्र घड्याळ सगळ्यांना सारखंच लावावं. 'काका, एक मिनिट राहिलं' हे प्रेमाने आणि दर वेळी म्हणावं.

एक नाजूक बाब आहे. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' धरणाखाली गेलेल्या गावाची आहे. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'मध्येही विस्थापन आहे, तिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या दोन्ही एकामागोमाग वाचून बोलायला फार चांगल्या आहेत. पण महाराष्ट्रात कोयनेपासून आजवर इतकी गावं उठली, की बैठकीत धरणग्रस्त घरातलं कुणी असू शकतं. सगळ्यांदेखत त्यांच्याकडे वळून 'तुमच्याकडे असंच झालं का हो?' असं विचारू नका. त्यांना बोलायचं असेल तर ते बोलतील, आणि तेव्हा घड्याळ बंद ठेवा. त्यांनाही कादंबरीविषयी कादंबरी म्हणून मत असतं, ते विचारा.

जागा, वेळ आणि वही

घरी भेटलं की खाण्याचा घाट घातला जातो आणि घरातल्या बाईचं वाचन स्वयंपाकघरात राहतं. त्यापेक्षा गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात विचारा. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं महाराष्ट्रभर आहेत. सकाळची वर्तमानपत्रं वाचणारी मंडळी गेली की दुपारी वाचनकक्ष बऱ्याच ठिकाणी रिकामा असतो. ग्रंथपालांनाच सभासद करून घ्या. पुढच्या महिन्यात कोण काय बोलणार हे त्यांना आधी कळलं तर त्या कादंबऱ्या ते टेबलावर काढून ठेवतात.

परदेशातल्या मराठी मित्रांना घेऊन ऑनलाइन भेटत असाल तर भारतातली संध्याकाळ सगळ्यांना सोयीची पडते. उन्हाळ्यात पुण्यात साडेसात वाजतात तेव्हा लंडनला दुपारचे तीन आणि न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजलेले असतात. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं, ते आधी कळवा. पुस्तक मिळवणं हीच त्यांची मोठी अडचण असते, म्हणून शीर्षकं महिनाभर आधी ठरवा आणि ई-आवृत्ती आहे का ते बघून ठेवा.

शेवटचं काम वहीचं. जाड दोनशेपानी वहीत प्रत्येक कादंबरीसाठी अर्धं पान ठेवा. तारीख, शीर्षक, बोलणाऱ्याचं नाव, त्याच्याच शब्दांत मताचं एक वाक्य आणि त्या वाक्याशी पान क्रमांक लिहा. छपाईनुसार पानं बदलतात, म्हणून आवृत्तीचं सालही लिहा. खाली, पुस्तक वाचायला कुणी नेलं त्याचं नाव. तो वाचक पुढच्या बैठकीत आल्यावर पहिलं वाक्य वाचून दाखवा आणि त्याचं वाक्य त्याच्याखाली लिहून घ्या.